वजन जरा…

नर्सबाई म्हणाल्या, बाळाचं वजन जास्त होतंय, आणि मी त्याच्या आईला सांगितलं की कमी पडतंय. गोष्ट एवढीच आहे. ह्यापुढे जे लिहितो आहे ते लाज झाकायला ओढलेलं पांघरूण समजा, आणि माझी पांघरुणं नेहमी आखूडच पडत आली आहेत.

बाळ माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या नात्यातले लोक बोटं मोजायला लागतील. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. नागोया शहर जिथे संपतं आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने सुरू होतात, तिथल्या एका जुन्या वसाहतीत कंपनीने मला दुसऱ्या मजल्यावर खोली दिली होती. खोलीत एक गादी, एक कुकर आणि आईने दिलेली मसाल्यांची डबी. समोरच्या दाराआड पेरू देशातून आलेलं कुटुंब राहायचं. एदगार आणि त्याची बायको मारिसोल, दोघंही एकाच कारखान्यात, पण वेगवेगळ्या पाळीत, म्हणजे नवरा-बायकोची भेट बहुधा जिन्यातच व्हायची. मारिसोलची आई दोन्या एल्बा घर सांभाळायची. आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये, सतरंजीवर ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा, एदगार-मारिसोलचा तान्हा मातेओ. एदगारचे आजोबा जपानी होते, त्या पुण्याईवर त्याला इथला व्हिसा मिळालेला. आडनाव अस्सल जपानी, पण जपानी भाषा येत होती ती कारखान्यापुरती: 'सांभाळून', 'लवकर', 'हे पुन्हा कर'. एवढ्या शब्दांत संसार करता येतो, पण डॉक्टरशी बोलता येत नाही.

मी मात्र बोलू शकत होतो. निदान माझी तशी समजूत होती. चिंचवडहून संध्याकाळच्या बसने पुण्यात जाऊन मी जपानी शिकलो होतो, कारण त्याने नोकरी मिळते असं ऐकलं होतं. आणि स्पॅनिशही शिकलो होतो, कारण त्या वर्गात एक मुलगी होती. मुलगी दुसऱ्याच महिन्यात जर्मनच्या वर्गात गेली. मी आपला स्पॅनिशलाच चिकटून राहिलो, परीक्षा दिली, पहिल्या वर्गात पास झालो. पुण्याच्या हवेत शिकलेल्या भाषेचा एक गुण असतो. ती बोलता येते की नाही हा मुद्दा नसतो, ती आपल्याला येते हे लोकांना सांगता आलं पाहिजे. जपानमध्ये स्पॅनिश बोलणारा मराठी माणूस, असा मी पंचक्रोशीत एकटाच, आणि ही गोष्ट मी स्वतःला दाढी करताना रोज सांगत असे.

ओळख झाली ती कोथिंबिरीमुळे. एका रविवारी जिन्यात कोथिंबिरीचा इतका घमघमाट सुटला की मला क्षणभर वाटलं, आई आली. दार वाजवलं तर दोन्या एल्बा हातात पळी घेऊन उभी. कोथिंबीर वाटून त्यात शिजवलेला हिरवा भात आणि त्यावर कोंबडीची तंगडी. मी स्पॅनिशमध्ये म्हणालो की वास फार छान येतोय. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुला घरी कोणी जेवायला घालत नाही का रे? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जेवू लागलो आणि ती मला 'इंखेनिएरो' म्हणू लागली, म्हणजे इंजिनिअर. त्यांच्याकडे साध्या ओव्हरसियरलाही आदराने असंच म्हणतात, हे मला पुढे कळलं. तोवर मी छाती फुगवून फिरलो.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पत्र्याच्या दाराचा धाड आवाज, खाली सायकलींच्या रांगेत कोणीतरी सायकल पाडल्याचा आवाज, दोन्या एल्बाचं मातेओशी अखंड बोलणं. ती त्याला गोर्दितो म्हणायची. जाडुल्या. प्रेमाने. मातेओ होताही तसाच. मनगटाला दोरा आवळून बांधल्यासारखी वळी, मांड्यांवर घड्या, आणि गाल असे की डोळ्यांना जागाच उरलेली नाही. मला तो फार आवडायचा. बाळसं ह्या शब्दाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मी शोधत बसलो आणि सापडलं नाही. म्हटलं, बिचाऱ्यांकडे वस्तू आहे पण शब्द नाही.

आता ह्या प्रेमाचं मूळ सांगतो, कारण ते चांगलं नव्हतं. मी लहानपणी काटकुळा होतो. आमच्या चाळीत बायका माझा दंड दोन बोटांच्या चिमटीत धरून आईला विचारत, "ह्याच्या अंगाला काही लागत नाही का हो?" आई ओशाळून हसायची आणि घरी येऊन माझ्या तोंडात तुपाचा गोळा कोंबायची. शेजारी एक बाळ्या होता, पावडरच्या डब्यावरच्या पोरासारखा. त्याला सगळ्या बायका आळीपाळीने मांडीवर घेत, त्याचे गाल ओढत, आणि मग त्याच तोंडाने कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढत. मला त्या गाल ओढण्याची आज शिसारी येते. भाजीवाल्याकडे वांगं दाबून बघावं तसं पोराला दाबून बघायचं आणि किंमत त्याच्या आईची करायची. पण तेव्हा मला शिसारी येत नव्हती, हेवा वाटत होता. वजन म्हणजे अब्रू, आणि काळजी करायची ती ते कमी असलं तरच, हे माझ्या डोक्यात त्या चाळीत जे बसलं ते दोन परदेशी भाषा शिकूनही हललं नाही.

तर ती तपासणी. सरकारी आरोग्य केंद्राचा मोठा हॉल, जमिनीवर गाद्या, त्यावर ओळीने उघडी बाळं, आणि तितक्याच आया हळू आवाजात एकमेकींची माफी मागत. पुरुष मी एकटा. मारिसोलने कारखान्यातून अर्धा दिवस मागून घेतला होता आणि ती हातावर हात चोळत होती. ती घाबरायची ह्या जागांना. बाळ तीन महिन्यांचं असतानाच ती कामावर परतली होती, दूध आटलं होतं, आणि ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नसली तरी भिंती पातळ होत्या. मी तिला धीर दिला की मी आहे ना. तराजूवर मातेओला ठेवलं. नर्सबाईंनी आकडा लिहिला, आलेखावर टिंब काढलं, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाल्या, "ताइजू गा चोत्तो…" वजन जरा… आणि थांबल्या. दातांतून हवा आत ओढली, मान किंचित कलती केली, आणि संपलं. वाक्य तिथेच सोडून दिलं.

जपानी माणूस वाईट बातमीचं वाक्य पुरं करत नाही. ते ऐकणाऱ्याने करायचं असतं, आणि त्यासाठी ऐकणाऱ्याला अक्कल असावी लागते. आमच्या पुस्तकात चोत्तो म्हणजे जरा, थोडं, एवढंच दिलं होतं. वजन जरा काय? माझ्या कानात चाळीतल्या सगळ्या बायका एकदम बोलल्या. जरा कमी. दुसरं काय असणार? समोर आलेख होता, टिंब ठीक वजनाच्या पट्ट्याच्या वर गेलेलं होतं, पण मी पडलो इंजिनिअर. रेघ वर जाताना दिसली की मला बरंच वाटतं. नर्सबाई पुढेही बोलल्या, बाटलीबद्दल काहीतरी, जमिनीवर खेळू द्या असं काहीतरी, सगळंच 'केलंत तर बरं होईल'च्या सुरात. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते मी माझ्या पदरचं घातलं. मारिसोलकडे वळून मी स्वच्छ स्पॅनिशमध्ये, क्रियापदाचं रूप अजिबात न चुकवता सांगितलं की वजन थोडं कमी आहे, बाटली वाढवायला हवी.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मातेओकडे. परत येताना ट्रेनमध्ये ती त्याचा पाय मुठीत धरून बसली होती, आणि मी खिडकीतून बाहेर बघत माझ्या उच्चारांवर खूश होतो.

पुढचे तीन महिने त्या घरात जे चाललं तेही सांगून टाकतो. मी चिंचवडला फोन लावून आईला विचारलं की बाळाचं वजन वाढवायला काय द्यायचं. कुणाचं बाळ, हे सांगायच्या आतच ती सुरू झाली. खारकेची पूड, बदाम उगाळून, नाचणीचं सत्त्व, आणि सगळ्यावर साजूक तूप. मी लोणी आणून कढवलं. सबंध जिन्याला तुपाचा वास लागला. इकडे दोन्या एल्बाची स्वतःची विद्या होतीच. ओट्सची दाट खीर, त्यात आटवलेल्या गोड दुधाचा डबा अख्खा उलटा केलेला. त्यात मी माझं तूप ओतायचो. बाटलीत फळांचा रस, वर आणखी साखर. मारिसोल कारखान्यातून येऊन बूट काढायच्या आधी विचारायची, किती खाल्लं? आणि कितीही सांगितलं तरी तिचा चेहरा पडलेलाच.

मातेओ तोंड फिरवायचा. ओठ घट्ट मिटायचा. हे मी पाहिलेलं आहे, मला आठवतंय, त्यामुळे आता नाकारता येत नाही. तो सांगत होता की पुरे, आणि त्या घरात त्याची भाषा समजणारं कोणी नव्हतं. मग मी माझं हुकमी अस्त्र काढलं. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. हात विमानासारखा फिरवून मी त्याला हसवायचो आणि तोंड उघडलं की चमचा आत. दोन्या एल्बाला ही युक्ती इतकी आवडली की तिने तिची आवृत्ती काढली. हा घास गावच्या संताचा, हा मेलेल्या आजोबांचा, हा मेलेल्या मामाचा. त्यांच्याकडे मेलेले नातेवाईक खूप होते. खाणं संपेपर्यंत अर्धं स्मशान जेवून जायचं.

मग तो ओकायचा. बहुतेक माझ्या खांद्यावर. आंबट दूध, तूप आणि गोड ओट्स ह्यांचा तो कोमट थर शर्टातून आत झिरपायचा, आणि मी, शहाणा, म्हणायचो की बाहेर गेलं तेवढं परत भरलं पाहिजे. त्याच्या मानेच्या घडीत दूध साचून राहायचं. बोटाने घडी उघडली की आत लाल, ओलं, आणि वास असा की नाक फिरवावं. दोन्या एल्बा ती पुसायची, पावडर लावायची, आणि पुसून झालं की पुन्हा बाटली. प्रेमाचा एवढा किळसवाणा प्रकार मी नंतर पाहिला नाही. म्हणजे पाहिला, पण त्यात माझा हात नव्हता.

परवाच, मी आता राहतो त्या एदोगावामध्ये, आमच्या मंडळाच्या गणपतीत एका नव्या आईच्या मांडीवरून चार बायकांनी बाळ फिरवलं. पुण्याहून आलेल्या एका आजींनी त्याची मांडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "वाळलाय गं. जपानी दूध पचत नाही वाटतं." त्या मुलीचा चेहरा तिथल्या तिथे उतरला. बाळ चांगलं हसत होतं, पाय झाडत होतं, पण त्याला कोण विचारतो? माझ्या हातात मोदक होता, तो खाववेना. बायको म्हणाली, मोठ्यांदा श्वास काय सोडताय, आजी ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत. पण मोठ्याने काही म्हणालो नाही. आजींना तुम्ही म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढं वळण अंगात मुरलेलं आहे. दुर्दैवाने ते वळण मला नको तिथे आठवतं आणि हवं तिथे आठवत नाही.

थंडी आली आणि मातेओला सर्दी झाली. इतर पोरांना होते तशीच, पण हा झोपला की घशातून असा घरघर आवाज यायचा की दोन्या एल्बाने रेडिओ बंद केला. त्याच्या वयाची वसाहतीतली पोरं सरपटत जिन्यापर्यंत जायची. हा अजून कुशीवर वळताना अडकायचा, आणि उताणा पडून छताकडे बघत राहायचा. मारिसोलला वाटू लागलं की तिने त्याला उपाशी ठेवलं म्हणून त्याच्या अंगात ताकद भरली नाही. हे ती मला म्हणाली, जिन्यात, एकदाच. मी तिला सांगितलं की अजून थोडं तूप वाढवू.

शनिवारी दुपारी आम्ही बालरोगाच्या एका छोट्या दवाखान्यात गेलो. मारिसोल, दोन्या एल्बा, आणि दुभाषा म्हणून अर्थातच मी. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, बुटक्या, आणि मी जपानमध्ये भेटलेल्या माणसांपैकी वाक्य पुरं करणारी पहिली व्यक्ती. त्यांनी छाती तपासली, घसा पाहिला. मग मातेओला पालथं घातलं आणि तो डोकं उचलून धापा टाकत पुन्हा गादीला कसा टेकतो ते शांतपणे पाहिलं. मानेची घडी उघडून पाहिली. पिशवीतली बाटली काढून वास घेतला, आणि सोबतची तपासणीची वही चाळली. आणि म्हणाल्या, "फुतोरिसुगि."

हा शब्द पुस्तकात होता. नवव्या धड्याच्या आसपास. फार लठ्ठ. त्याला दुसरा अर्थ नाही आणि त्याच्यामागे हवा ओढायची जागाही नाही. माझे कान गरम झाले. मारिसोलने माझी बाही ओढली, काय म्हणतायत? डॉक्टरीणबाई थांबायला तयार नव्हत्या. सर्दी किरकोळ आहे, म्हणाल्या, पण एवढा भार घेऊन ह्याने श्वास कसा घ्यायचा आणि सरपटायचं कसं? मागच्या तपासणीतच पट्ट्याच्या वर होता. त्यानंतर खाणं वाढवायला कोणी सांगितलं? विचारा त्यांना.

आता दुभाषाचं काम असं की जे विचारलं ते सांगायचं. मी मारिसोलला स्पॅनिशमध्ये सांगितलं की मातेओचं वजन जास्त आहे, फार जास्त आहे, आणि डॉक्टर विचारतायत, खाणं वाढवायला कोणी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मग तिने हळूच उत्तर दिलं, दोन शब्दांत. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या, काय म्हणाली? मी ते दोन शब्द जपानीत आणायचा प्रयत्न केला. 'ह्यांनी सांगितलं' असं म्हणावं तर 'ह्यांनी' म्हणजे कोण हा प्रश्न येणार, आणि खोलीत पुरुष मी एकटाच होतो. शेवटी म्हणालो, "मी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. तुम्ही डॉक्टर आहात का, असं त्यांनी अगदी नम्र जपानीत विचारलं, सर्वांत वरच्या दर्जाच्या आदरार्थी क्रियापदात. इतक्या आदराने माझा अपमान आजवर कोणी केलेला नाही. मी म्हणालो, मी बंपरचा इंजिनिअर आहे.

मारिसोल मात्र त्यातलं काहीच ऐकत नव्हती. तिने मला तिच्याकडे वळवलं. मला वाटलं थोबाडीत बसणार, आणि मी गाल तयारही ठेवला. पण तिने विचारलं, "म्हणजे तो उपाशी नव्हता? तेव्हाही नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो. "कधीच नव्हता."

ती तिथल्या छोट्याशा स्टुलावर बसली आणि रडायला लागली. आधी मला वाटलं दुःखाने, मग वाटलं रागाने. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की तीन महिने कारखान्यात बेल्टवरचा प्रत्येक तुकडा उचलताना तिला वाटत होतं, हे हात घरी असते तर पोरगं वाळलं नसतं. मग तिने मातेओला उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि तो जड होता म्हणून तिला स्टुलावरून उठताना दोनदा झोक घ्यावा लागला. तो झोक मला दिसला. मी नजर फिरवली. माझ्या शर्टाच्या खांद्यावर सकाळच्या ओकारीचा वाळलेला डाग होता, त्याचा वास तेवढ्यात नाकात गेला आणि मला स्वतःचीच अशी ओकारी आली की मी खरंच बाहेर जाऊन चपला ठेवायच्या फळीपाशी उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी औषध जवळजवळ काहीच दिलं नाही. बाटलीतून रस बंद, साखर बंद, डब्यातलं गोड दूध बंद, तोंड फिरवलं की चमचा खाली, आणि दिवसभर जमिनीवर. उंची वाढेल तसं अंग ताणलं जाईल, घाबरू नका, असंही म्हणाल्या. पुढच्या वेळी येताना शहराच्या कचेरीतून स्पॅनिश येणारी बाई मागवून घ्या, तिथे अशी सोय असते. ही शेवटची सूचना त्यांनी मलाच भाषांतर करायला लावली, आणि मी ती कुठेही न चुकता केली.

एदगार जिन्यात भेटला की खांद्यावर हात ठेवायचा, पण जरा जोरात. मारिसोल आठवडाभराने एकदम नेहमीसारखी बोलायला लागली. अवघड होतं ते दोन्या एल्बाचं. तिने खीर करणं थांबवलं होतं, आणि पळी हातात नसली की तिला कुठे बसायचं ते समजत नसे. मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो. माझं तूप बरणीत थिजून पिवळं पडलं होतं. एके दिवशी ते कागदात गुंडाळून, नियमाप्रमाणे जाळायच्या कचऱ्यात टाकून आलो, आणि वर येताना तिचं दार उघडं दिसलं.

आत सतरंजी गुंडाळून ठेवली होती. मातेओ लाकडी जमिनीवर पालथा पडला होता आणि समोर ठेवलेल्या रिकाम्या डब्याकडे जायची धडपड करत होता. कोपरं टेकायचा, फुरफुरायचा, आणि मागे सरकायचा. डबा लांबच जात होता. दोन्या एल्बा जमिनीवर, त्याच्या शेजारी, पदराशिवायच्या त्या जाड झग्यात मांडी घालून बसली होती आणि त्याला मदत करायची नाही म्हणून तिने स्वतःचे हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले होते. मी उंबऱ्यातच उभा राहून माफी मागितली. चांगली लांब माफी होती, आदल्या रात्री शब्दकोश घेऊन तयार केलेली. त्यात मी नर्सबाईंचं अर्धवट वाक्य, जपानी शिष्टाचार, चाळीतल्या बायका, सगळं घातलं होतं. ती मान न वळवता ऐकत होती. मातेओने कोपर टेकलं, पोट ओढलं, आणि बोटभर पुढे सरकला. तिने श्वास रोखला. मी बोलतच होतो.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "आमच्या गावात गाढवाला वाट कळली नाही की ते निदान उभं राहतं, इंखेनिएरो."